पिस्तुलाच्या स्लाइडसाठी टिकाऊ फिनिश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे संपत आला की स्लाइडच्या, म्हणजे गोळी सुटताना मागे-पुढे सरकणाऱ्या पिस्तुलाच्या वरच्या भागाच्या, फिनिशबद्दलचे प्रश्न वाढतात. विचारणारे मुख्यतः दोन प्रकारचे असतात. काही महाराष्ट्र-गोव्यातले परवानाधारक, ज्यांच्याकडे बहुधा .३२ बोअरचं पिस्तूल असतं आणि समोर चार महिन्यांचा पाऊस. काही अमेरिकेत स्थायिक झालेले मराठी लोक, ज्यांच्यापुढे दुकानात इतकी नावं मांडलेली असतात की निवड करणंच अवघड होतं. दोघांच्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. सोपे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर. एका उत्तरात आलेली गोष्ट पुन्हा न सांगता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. स्लाइड चांगल्या पोलादाची असते. मग तिला वेगळं फिनिश लागतंच कशाला?

कारण चांगलं पोलादही गंजतं. स्लाइडचे शत्रू दोन: गंज आणि घासणं. एकाला अडवणारा थर दुसऱ्याला अडवेलच असं नाही, आणि फिनिशबद्दलचे बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात.

गंज आणतात हवेतला ओलावा आणि हाताचा घाम. घामातलं मीठ साध्या पाण्यापेक्षा जास्त नुकसान करतं, म्हणून पहिले तांबूस ठिपके बहुधा मागच्या खाचांमध्ये दिसतात, जिथे बोटांनी स्लाइड पकडली जाते. घासण्याच्या जागा वेगळ्या आहेत. होल्स्टरमधून काढ-घाल केल्यानं पुढचं टोक आणि बाजूच्या कडा उजळतात. आतले रेल, म्हणजे सरकण्याच्या पट्ट्या, फ्रेमवर (मूठ असलेल्या खालच्या भागावर) घासतात. बॅरलचा (नळीचा) मागचा चौकोनी भाग स्लाइडच्या खिडकीत, जिथून रिकामी काडतुसं बाहेर पडतात तिथे, प्रत्येक गोळीमागे आपटतो.

२. दोन फिनिशांची तुलना करताना नेमकं काय बघायचं?

थर किती कठीण आहे, किती जाड आहे, त्याला सूक्ष्म छिद्रं आहेत का आणि तो चढवताना स्लाइड किती तापते, या चार गोष्टी विचारा. पाचवी गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही: खालचं पोलाद कोणतं आहे?

स्लाइडच्या पोलादाची कठिणता व्हिकर्स मापनात साधारण ३५० ते ४५० असते. हार्ड क्रोम (क्रोमियमचा कठीण मुलामा, प्रश्न ९) ८५० ते १००० पर्यंत जातं, टायटॅनियम नायट्राइड आणि डीएलसी (हिऱ्यासारख्या कार्बनचा थर, प्रश्न ७) २००० च्या वर. पण हा आकडा एकटा काही सांगत नाही. मऊ गादीवर काच ठेवून वरून दाबलं तर काच कितीही कठीण असली तरी तडकते. दोन-तीन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अतिकठीण थर मऊ पोलादावर बसवला की जोराच्या ठोक्याला त्याचं तसंच होतं. म्हणून खालचा आधार महत्त्वाचा. प्रश्न ५ आणि ७ मध्ये तो मुद्दा पुन्हा येईल.

३. ब्लूइंग केलेली स्लाइड इतकी सुंदर दिसते, मग पहिल्याच पावसात तिला डाग का पडतात?

कारण ब्लूइंग हा वरून बसवलेला मुलामा नाही. पोलादाच्याच पृष्ठभागाचं रूपांतर करून काळा लोह ऑक्साइड, म्हणजे मॅग्नेटाइट, तयार केलेला असतो. कारखान्यात कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट क्षारांच्या साधारण १४० अंश सेल्सिअसच्या द्रावणात भाग बुडवतात. जुन्या पद्धतीत मुद्दाम गंज चढवायचा, भाग उकळत्या पाण्यात टाकून तो गंज काळा करायचा, ब्रशनं घासायचं आणि हे पुन्हा पुन्हा करायचं. त्याला दिवस लागतात, पण रंगाला वेगळीच खोली येते.

थराची जाडी मात्र जेमतेम एक-दोन मायक्रॉन, आणि तो सच्छिद्र. खरं संरक्षण करतं त्या छिद्रांत मुरलेलं तेल. तेल पुसलं गेलं की ब्लूइंग जवळपास उघडंच. मला स्वतःला नीट पॉलिश करून ब्लू केलेल्या पोलादाइतकं देखणं दुसरं काही वाटत नाही, पण रत्नागिरीत रोज कमरेला लावायच्या पिस्तुलासाठी मी ते कुणाला सुचवणार नाही. ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांनी प्रश्न १७ नक्की वाचावा.

४. लष्करी पिस्तुलांवरचं राखाडी, खडबडीत फिनिश कोणतं?

ते फॉस्फेटचं, म्हणजे पार्कराइझिंग. लोखंडाला फॉस्फेटचा थर देण्याचं पेटंट इंग्लंडमध्ये १९०६ साली थॉमस कॉस्लेटनं घेतलं आणि १९१५ मध्ये अमेरिकेत पार्कर यांच्या कंपनीनं तो धंदा वाढवला. नाव त्यांचंच राहिलं. मँगनीज किंवा जस्ताचं फॉस्फेट मिसळलेल्या, उकळीच्या जरा खालच्या तापमानाच्या द्रावणात भाग ठेवला की त्यावर बारीक स्फटिक वाढतात. दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकी सैन्याची बहुतेक एम१९११ए१ पिस्तुलं अशीच राखाडी आहेत.

हे स्फटिक स्पंजासारखं तेल धरून ठेवतात, म्हणून पार्कराइझिंग ब्लूइंगपेक्षा गंजाला चांगलं तोंड देतं. रंगासाठी खालचा थर म्हणूनही ते उत्तम. घासण्याच्या बाबतीत मध्यम, आणि कोरडं सोडलं तर तेही गंजतं.

५. टेनिफर, मेलोनाइट, टफट्राइड, क्यूपीक्यू, नायट्राइड… ही सगळी वेगळी फिनिशं आहेत का?

एकाच कुळातली आहेत. टेनिफर, टफट्राइड आणि मेलोनाइट ही एकाच जर्मन क्षारकुंड प्रक्रियेची वेगवेगळ्या बाजारांतली नावं. पोलाद साधारण ५७० ते ५८० अंशांच्या वितळलेल्या सायनेट क्षारात एक-दोन तास ठेवतात. नायट्रोजन आणि थोडा कार्बन पोलादात शिरतो; यालाच ढोबळपणे नायट्रायडिंग म्हणतात. वर १० ते २० मायक्रॉनचा लोह-नायट्राइडचा कठीण थर तयार होतो आणि त्याच्या खाली नायट्रोजन मुरलेला बराच खोल पट्टा राहतो. क्यूपीक्यू म्हणजे याच्यावर ऑक्सिडीकरण, मग पॉलिश आणि पुन्हा ऑक्सिडीकरण. त्यानं काळा रंग आणि गंजविरोध दोन्ही वाढतात. हेच काम वायूनं किंवा प्लाझ्मानंही करता येतं.

माझ्या मते साध्या मिश्र पोलादाच्या स्लाइडसाठी याच्याइतका समतोल उपाय दुसरा नाही, आणि त्याचं कारण साधं आहे. हा थर वरून चिकटवलेला नसतो, म्हणून त्याचे पोपडे निघत नाहीत. कठिणता पृष्ठभागापासून आत हळूहळू उतरत जाते, त्यामुळे प्रश्न २ मधल्या गादी-काचेची अडचण येत नाही. माप फारसं बदलत नाही. पोलादाची अंतर्रचना ७२७ अंशांच्या वर बदलते, आणि ही प्रक्रिया त्याच्या बरीच खाली होत असल्यानं स्लाइड वाकत-मुरडत नाही. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्यानं ग्लॉकचं पिस्तूल पी८० या नावानं स्वीकारलं तेव्हा लोकांचं लक्ष प्लॅस्टिकच्या फ्रेमकडे गेलं. स्लाइडवरचं टेनिफर तितकंच महत्त्वाचं होतं.

एक उणीव सांगायला हवी. खोल चरा पडून हा थर ओलांडला गेला तर त्या जागी नुसतं पोलाद उघडं पडतं. आणि हे काम एकदा झालं की ते परत फिरवता येत नाही. कोणत्या स्लाइडवर ते करू नये हे प्रश्न १२ मध्ये आहे.

६. माझ्या जुन्या ग्लॉकचा काळा रंग होल्स्टरनं उडाला. म्हणजे टेनिफर गेलं का?

नाही. हा प्रश्न अमेरिकेतून सारखा येतो. जुन्या ग्लॉकवर टेनिफरच्या वर वेगळा काळा थर असायचा, आणि घासून जातो तो हा. खाली दिसणारा फिकट राखाडी पृष्ठभाग म्हणजेच नायट्राइड झालेलं पोलाद. तिथे स्लाइड अजूनही कठीण आहे आणि गंजाला बऱ्यापैकी दाद देत नाही. फक्त रंग परत हवा म्हणून पुन्हा नायट्रायडिंग करू नका. रंगच हवा असेल तर प्रश्न ८ पाहा.

अशीच भीती स्लाइडच्या खिडकीमागच्या पिवळसर डागांची वाटते. रिकामी काडतुसं बाहेर फेकली जाताना तिथे आपटतात आणि पितळ लागून राहतं. फिनिशला काही झालेलं नसतं.

७. पीव्हीडी आणि डीएलसी एकच का? आणि पैसे वसूल होतात का?

पीव्हीडी ही पद्धत आहे. निर्वात कक्षात पदार्थाची वाफ करून तो पृष्ठभागावर बसवायचा. तिनं सोनेरी टायटॅनियम नायट्राइड, रुपेरी क्रोमियम नायट्राइड, काळसर टायटॅनियम-ॲल्युमिनियम नायट्राइड असे अनेक थर देता येतात. डीएलसी म्हणजे हिऱ्यासारखा कार्बन. तो पीव्हीडीनं किंवा तिच्या जवळच्या प्लाझ्मा पद्धतीनं बसवतात. जाडी सगळ्यांची साधारण एक ते पाच मायक्रॉन.

घासण्याला तोंड देण्यात हे थर सर्वांच्या पुढे आहेत. डीएलसीचं घर्षण इतकं कमी असतं की स्लाइड हातानं मागे ओढतानाच फरक जाणवतो, आणि काजळी सहज पुसली जाते. पण गंजाच्या बाबतीत लोक फसतात. इतक्या पातळ थरात सूक्ष्म छिद्रं राहतात, आणि त्यांतून ओलावा खालच्या पोलादापर्यंत पोहोचतो. म्हणून चांगले उत्पादक हे थर स्टेनलेसवर किंवा आधी नायट्राइड केलेल्या पोलादावर देतात. अमेरिकी सैन्यानं २०१७ मध्ये निवडलेल्या एम१७ पिस्तुलाची स्लाइड स्टेनलेस आहे आणि तिच्यावर पीव्हीडी थर आहे. त्याच वर्षी आलेल्या ग्लॉकच्या पाचव्या पिढीनं स्लाइडसाठी डीएलसीच्याच कुळातलं एनडीएलसी फिनिश घेतलं.

आणखी एक बारीक मुद्दा. पीव्हीडीत वाफ सरळ रेषेत प्रवास करते, त्यामुळे आतल्या खाचा आणि खोल भोकं यांवर थर विरळ बसतो. स्लाइडच्या आतल्या बाजूला तेल लावणं त्यामुळे सुटत नाही. स्टेनलेस स्लाइड असेल आणि पिस्तूल खूप चालत असेल तर पैसे वसूल होतात. वर्षाला पन्नास गोळ्या चालवणाऱ्यानं हाच पैसा चांगल्या होल्स्टरवर घालावा.

८. सेराकोट सिरॅमिक आहे म्हणतात. मग ते घासून का जातं?

नावात सिरॅमिक असलं तरी तो पॉलिमरचा रंगच आहे, ज्यात सिरॅमिकचे कण मिसळलेले असतात. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातली एक कंपनी ते बनवते. भाग ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या वाळूनं ब्लास्ट करतात, तेलाचा अंश पूर्ण काढतात, फवारतात, आणि भट्टीत साधारण १२० अंशांना दोन तास भाजतात. थर सुमारे २५ मायक्रॉनचा येतो.

छिद्रं नसलेला सलग थर असल्यानं गंज रोखण्यात सेराकोट ब्लूइंग आणि पार्कराइझिंगच्या खूप पुढे आहे. रंग हवा तो मिळतो, तापमान कमी असल्यानं पोलादाला धोका नसतो, आणि खराब झालं तर ब्लास्ट करून पुन्हा करता येतं. पण धातूवर धातू घासतो तिथे, म्हणजे रेल आणि बॅरलच्या मागच्या भागावर, ते काही शे गोळ्यांत निघून जातं. जाणकार कारागीर त्या जागा झाकूनच फवारतो. कंपन्या ज्या नऊ एच कठिणतेचा उल्लेख करतात ती पेन्सिलनं ओरखडा काढून मोजलेली रंगांची मोजपट्टी आहे. व्हिकर्सच्या आकड्यांशी तिची तुलना करू नका.

सेराकोटचं यश ऐंशी टक्के पूर्वतयारीत असतं असं माझं ठाम मत आहे. ज्यांचे पोपडे निघाले अशा बहुतेकांच्या स्लाइडमध्ये तेल राहिलं होतं किंवा ब्लास्टिंग नीट झालेलं नव्हतं. युरोपातल्या काही पिस्तुलांवर येणारे कारखान्याचे पॉलिमर थर याच जातीचे, आणि त्यांनाही हेच लागू.

९. हार्ड क्रोम जुनं झालं का?

काम जुनं झालेलं नाही, कायदे बदलले. हार्ड क्रोम कठीण आहे, घामाला दाद देत नाही, पुसलं की लख्ख. स्पर्धेतल्या पिस्तुलांवर ते दशकानुदशकं वापरलं गेलं. साधारण १० ते २५ मायक्रॉन बसतं. त्यात केसाइतक्याही रुंद नसलेल्या भेगांचं जाळं असतं, म्हणून साध्या पोलादावर पातळ हार्ड क्रोम समुद्रकाठी पूर्ण निर्धास्त नाही.

अडचण मुलामा देण्याच्या कुंडातली आहे. त्यातलं क्रोमियम ट्रायऑक्साइड हे हेक्झाव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं कर्करोगकारक रूप आहे. युरोपीय संघात २१ सप्टेंबर २०१७ नंतर क्रोमियम ट्रायऑक्साइड विशेष परवानगीशिवाय वापरता येत नाही. त्यामुळे हे काम करणारी दुकानं कमी होत चालली आहेत. तयार थर हाताळायला सुरक्षित असतो. धोका असतो तो तिथे काम करणाऱ्यांना आणि सांडपाण्यातून परिसराला.

दुसरी गोष्ट हायड्रोजनची. मुलामा देताना पोलादात हायड्रोजन शिरतो आणि कठीण पोलाद ठिसूळ होतं. म्हणून काम झाल्यावर काही तासांच्या आत भाग साधारण १९० अंशांना बरेच तास भाजावा लागतो. जो कारागीर या भाजण्याबद्दल विचारल्यावर गोंधळतो, त्याच्याकडे स्लाइड देऊ नका. स्प्रिंगा तर कधीच नाही.

१०. निकेल आणि निकेल-टेफ्लॉन कसं?

वीज न वापरता रासायनिक पद्धतीनं दिलेलं निकेल-फॉस्फरस खाचा-कोपऱ्यांतही सारख्या जाडीनं बसतं. हा त्याचा मोठा गुण. त्यात टेफ्लॉनचे कण मिसळले की पृष्ठभाग घसरडा होतो आणि साफसफाई सोपी. ४०० अंशांच्या आसपास तापवल्यास कठिणता हार्ड क्रोमच्या जवळ जाते, पण पोलादाचं पाणी, म्हणजे त्याला दिलेली कठिणता, उतरू नये म्हणून स्लाइडवर ते बहुधा करत नाहीत. निकेलवर अमोनिया असलेलं नळी साफ करायचं द्रावण सांडू देऊ नका. खाली तांब्याचा थर असेल तर अमोनिया तो खातो आणि वरचं निकेल सुटतं.

११. स्टेनलेस स्लाइडला काहीच लागत नाही ना?

लागतं, फक्त कमी. स्वयंपाकघरातली भांडी ज्या स्टेनलेसची असतात त्यात बहुधा साधारण १८ टक्के क्रोमियम असतं. स्लाइडसाठी कठीण होणारं पोलाद लागतं: बहुधा ४१६ या प्रतीचं, ज्यात १२ ते १४ टक्के क्रोमियम आणि कापायला सोपं जावं म्हणून गंधक, किंवा १७-४ पीएच. ही गंजतात, हळूहळू. मिठाच्या घामात ४१६ वर बारीक खड्डे पडलेले मी पाहिले आहेत.

शिवाय स्टेनलेसवर स्टेनलेस घासलं की पृष्ठभाग एकमेकांना पकडतात आणि धातू ओरबाडला जातो. स्लाइड आणि फ्रेम दोन्ही स्टेनलेस असतील तर रेलवर वंगण हवंच, किंवा एकावर डीएलसीसारखा थर.

१२. नायट्रायडिंग कुठल्याही स्लाइडवर करून घेता येतं का?

नाही, आणि हे सगळ्यात महाग पडणारं चुकीचं गृहीतक आहे. आपल्याकडे पोलादाला पाणी देणं म्हणतात. पाणी दिल्यावर पोलाद ठरावीक तापमानाला पुन्हा तापवून त्याची कठिणता हवी तिथे आणतात. ते तापमान ५८० पेक्षा कमी असेल आणि तुम्ही स्लाइड ५८० च्या क्षारात ठेवलीत, तर वरचं कातडं कठीण होईल पण आतला गाभा मऊ पडेल. १७-४ पीएच हे याचं ठळक उदाहरण. त्याला पूर्ण ताकद ४८२ अंशांच्या प्रक्रियेनं मिळते. ५७० वर गेलं की ती ताकद उतरते.

स्टेनलेसमध्ये आणखी एक तोटा आहे. आत शिरणारा नायट्रोजन क्रोमियमला बांधून टाकतो, आणि गंज अडवणारं मोकळं क्रोमियमच कमी होतं. कठिणता भरपूर वाढते, पण स्टेनलेसपणा घटतो. त्यासाठी कमी तापमानाच्या वेगळ्या पद्धती आहेत. स्लाइडचं पोलाद आणि त्याचं उष्णतोपचार तापमान लेखी माहीत नसेल तर नायट्रायडिंग करू नका. अशा वेळी सेराकोट किंवा कमी तापमानाचं पीव्हीडी घ्या.

१३. जाहिरातीत ‘मिठाच्या फवाऱ्यात इतके तास’ लिहितात. त्यावरून निवड करावी का?

एकट्या त्यावरून नको. ही एएसटीएम या मानकसंस्थेची बी११७ नावाची १९३९ पासूनची चाचणी आहे. ३५ अंशांना ५ टक्के मिठाच्या पाण्याचा सतत फवारा. एकाच कुळातल्या दोन थरांत दोष शोधायला ती उपयोगी आहे. पण इतके तास म्हणजे इतकी वर्षं असा हिशोब त्यातून निघत नाही. कमरेवरचं पिस्तूल ओलं होतं, सुकतं, पुन्हा ओलं होतं आणि मधल्या वेळात घासलंही जातं. सपाट पट्टीवर हजारो तास टिकलेला रंग होल्स्टरच्या कडेला महिन्यात फाटू शकतो. आणि फाटल्यावर त्याचे तास संपले.

१४. एकावर एक दोन फिनिशं देता येतात का?

येतात, आणि कित्येकदा तेच उत्तम. नायट्राइडवर डीएलसी, पार्कराइझिंगवर पॉलिमर रंग, नायट्राइडवर सेराकोट. क्रम उलटा करता येत नाही. रंग दिल्यावर नायट्रायडिंग नाही, आणि क्रोम किंवा निकेल असलेल्या स्लाइडवर ते मुलामे पूर्ण उतरवल्याशिवाय बहुतेक दुसरी फिनिशं नीट बसत नाहीत. गुळगुळीत क्यूपीक्यूवर सेराकोट द्यायचं तर हलकं ब्लास्टिंग करावं लागतं. जोरात केलं तर प्रश्न ५ मधला १०-२० मायक्रॉनचा थरच उडतो.

१५. फिनिशमुळे स्लाइड घट्ट होईल का? आणि देण्यापूर्वी काय काय काढायचं?

ब्लूइंग, नायट्रायडिंग आणि डीएलसीनं माप जाणवण्याइतकं बदलत नाही. हार्ड क्रोम, निकेल आणि सेराकोटनं बदलतं. २५ मायक्रॉनचा थर रेलच्या दोन्ही बाजूंना बसला की फट ५० मायक्रॉननं कमी होते. जुळवून बसवलेल्या स्पर्धेच्या पिस्तुलात तेवढ्यानं स्लाइड अडकते.

साइट्स, म्हणजे नेम धरायच्या खुणा, काढायलाच हव्यात. अंधारात चमकणाऱ्या साइट्समध्ये ट्रिटियम वायूच्या काचेच्या नळ्या असतात, आणि फायबरच्या साइट्स उष्णतेनं वितळतात. एक्स्ट्रॅक्टर (रिकामं काडतूस ओढणारा आकडा), फायरिंग पिन (काडतुसावर आपटणारी सुई), स्प्रिंगा आणि प्लॅस्टिकच्या नळ्या सगळं बाहेर. साइटच्या खाचेत थर जाड झाला तर ती परत बसवताना फिनिश ओरबाडलं जातं, म्हणून ती खाच झाकायला सांगा.

१६. माझ्या .२२ च्या पिस्तुलाची स्लाइड पोलादाची नाही. तिला काय चालेल?

आधी चुंबक लावून बघा. कित्येक .२२ पिस्तुलांच्या स्लाइड ॲल्युमिनियमच्या असतात, आणि वॉल्थर पी२२ ची जस्ताच्या मिश्रधातूची. यांना ब्लूइंग किंवा नायट्रायडिंग लागू होत नाही. ब्लूइंगच्या गरम कॉस्टिक कुंडात ॲल्युमिनियम विरघळतंच. ॲल्युमिनियमसाठी जाड अॅनोडायझिंग (विजेनं वाढवलेला ऑक्साइडचा थर) योग्य, आणि जस्तासाठी कमी तापमानाचा रंग.

१७. कोकणात राहतो. पिस्तूल ब्लू केलेलं आहे आणि नवीन फिनिश करणं शक्य नाही. काय करू?

मग तुमचा हातच तुमचं फिनिश आहे, आणि हे मी धीर देण्यासाठी म्हणत नाही. नियमित हात फिरलेली साठ वर्षांची ब्लू स्लाइड आजही स्वच्छ असू शकते.

हवेतली सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास ओलांडली की पोलाद वेगानं गंजू लागतं. कोकणात पावसाळ्यात ती दिवसेंदिवस ८० च्या वर असते. मॅगझिन काढा, चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) रिकामं असल्याचं डोळ्यांनी आणि बोटानं तपासा, मगच सुरुवात करा. हाताळल्यावर प्रत्येक वेळी मलमलच्या कपड्यानं घाम पुसून गन ऑइलचा पातळ हात द्या. पावसाळ्यात वापरलं नाही तरी आठवड्यातून एकदा. खाचा आणि साइटचा तळ ब्रशनं. पिस्तूल चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवून कपाट बंद करू नका. कमावलेल्या चामड्यात क्षार असतात आणि ते ओलावा धरून ठेवतं. ब्लू स्लाइडला होल्स्टरच्या आकाराचे डाग पडलेले दिसतात ते यामुळे. गोदरेजच्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि निळ्या दाण्यांचा रंग गुलाबी झाला की बदला.

खोबरेल तेल चालेल का, असंही विचारतात. चालणार नाही. ते चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली गोठतं, जुनं झालं की खवट आणि चिकट होतं, आणि आतल्या भागांत धूळ धरून ठेवतं.

१८. भोसरी-चाकणला नायट्रायडिंग आणि हार्ड क्रोमची जॉब वर्कची दुकानं भरपूर आहेत. स्लाइड तिथे दिली तर?

तांत्रिकदृष्ट्या ती दुकानं सक्षम आहेत, गाड्यांच्या भागांवर रोज हेच करतात. पण देऊ नका. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात ‘शस्त्र’ या व्याख्येत त्याचे भागही येतात, आणि कलम ५ प्रमाणे शस्त्राच्या दुरुस्तीसाठी परवाना लागतो. परवाना नसलेल्याच्या हाती स्लाइड देणं तुमच्यावर आणि त्याच्यावरही उलटू शकतं. दुरुस्तीचा परवाना असलेल्या गन हाउसमार्फतच काम करा, कागदावर नोंद घ्या. सरकारी कारखान्यात बनलेलं .३२ चं पिस्तूल असेल तर आधी बनवणाऱ्या कारखान्याकडे विचारणा करा.

देशोदेशी नियम वेगळे आहेत. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात अनुक्रमांक असलेली फ्रेम हे शस्त्र मानलं जातं, म्हणून तिथे सुटी स्लाइड थेट कोटिंगच्या दुकानात पाठवता येते. जर्मनीत स्लाइड हा शस्त्राचा महत्त्वाचा भाग मानला जातो. अमेरिकेतल्या मित्राचा सल्ला पुण्यात जसाच्या तसा वापरू नका.

१९. ब्लास्टिंग किंवा पॉलिशमध्ये स्लाइडवरचा क्रमांक पुसट झाला तर?

हे होऊच देऊ नका. शस्त्र अधिनियमाच्या कलम ८ नुसार शस्त्रावरचं नाव, क्रमांक किंवा ओळखचिन्ह खोडणं, काढणं, बदलणं गुन्हा आहे. काम देण्यापूर्वी क्रमांकाचे स्पष्ट फोटो काढा, कारागिराकडून तो भाग झाकण्याचं लेखी घ्या आणि जाड रंगात अक्षरं बुजणार नाहीत हे बघा. परवान्याच्या नूतनीकरणावेळी शस्त्राची तपासणी होते तेव्हा क्रमांक वाचता यायलाच हवा.

२०. आजोबांच्या पिस्तुलाच्या स्लाइडवर गंजाचे खड्डे आहेत. नवीन फिनिशखाली ते झाकले जातील का?

नाही. पातळ थरांखाली खड्डा जसाच्या तसा दिसतो, उलट चमकदार थराखाली अधिकच उठून दिसतो. रंग तो थोडा लपवतो, पण तळाशी गंज राहिला असेल तर थराखालून पसरत जातो आणि मग फुगे येतात. खड्डे घासून काढायचे तर धातू कमी होतो, आणि स्लाइडच्या भिंती पातळ करण्याचा निर्णय फक्त जाणकार आर्मोररनं, म्हणजे शस्त्रदुरुस्ती करणाऱ्यानं, घ्यावा.

पण त्याआधी थांबा. जुन्या पिस्तुलाचं मूळ ब्लूइंग, झिजलेलं असलं तरी, त्याच्या वयाचा पुरावा असतं. नव्यानं फिनिश केलेल्या जुन्या शस्त्राची संग्राहकांमधली किंमत बहुधा घटते. तेल लावून मऊ पितळी लोकरीनं वरवरचा तांबूस गंज हलकेच काढा आणि तेवढ्यावर राहू द्या. बाजारातलं कोल्ड ब्लू (न तापवता लावायचं ब्लूइंगचं द्रावण) लावायचा मोहही आवरा. त्यातली सेलेनियमची रसायनं विषारी असतात, रंग काळपट ठिगळासारखा दिसतो आणि संरक्षण नाममात्र.

२१. निवडणुकीच्या काळात पिस्तूल जमा करायला सांगतात. दोन महिन्यांनी परत मिळालं तेव्हा स्लाइडवर गंज होता. पुढच्या वेळी काय करू?

ही तक्रार दर निवडणुकीनंतर येते, आणि ज्यांची जुनी ब्लू पिस्तुलं खराब होतात त्यांच्याबद्दल मला खरंच वाईट वाटतं. पोलीस ठाण्यात असो की परवानाधारक विक्रेत्याकडे, शस्त्र जमा करताना ते लांबच्या साठवणुकीला निघालंय असं धरून चाला. पिस्तूल रिकामं करून सुटं करा, कोरडं पुसा, आणि नेहमीच्या पातळ तेलाऐवजी घट्ट गंजरोधक तेलाचा किंवा ग्रीसचा थर स्लाइडला आतून-बाहेरून द्या. बॅरलच्या आतही. मग गंजरोधक व्हीसीआय कागदात गुंडाळून, सिलिका जेलसह पिशवीत ठेवा. चामड्याचं होल्स्टर घरीच. पावती घेताना क्रमांकासोबत शस्त्राची स्थितीही नोंदवून घ्या आणि जमा करण्याच्या दिवशीचे फोटो ठेवा. परत मिळाल्यावर गोळी चालवण्यापूर्वी नळीतलं सगळं ग्रीस काढायला विसरू नका; भरलेल्या नळीतून गोळी सुटली तर बॅरल फुगू शकतं.